बॅबिलोनचा नैवेद्य

"देवापुढे ताट ठेवलं की पडदा ओढायचे," ऊर्मिला जर्मनमध्ये सांगत होती. "देवाचं जेवण होईपर्यंत कुणी बघायचं नाही. मग पडदा बाजूला. ताट होतं तसंच! ते उरलेलं सगळं जायचं राजाकडे. आता भूक नक्की कुणाला लागायची, ते तुम्हीच ठरवा."

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या विद्यापीठातलं ते सभागृह खळखळून हसलं. चार वर्षं बॅबिलोनच्या देवळांवर संशोधन केल्यावर लोकांसमोर दिलेलं तिचं हे पहिलंच व्याख्यान. हशा मिळाला तशी ती सैलावली. तेवढ्यात तिचं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं.

आई हसत होती.

भारतातून लेकीकडे आलेल्या मालिनीबाईंना जर्मनमधलं अक्षरही कळत नव्हतं. लोक लेकीला दाद देताहेत एवढं कळलं होतं. सगळ्यांच्या मागून, जराशा उशिराने, तोंडाला पदर लावून त्या मनापासून हसत होत्या. सकाळीच त्यांनी फ्रिजवर मांडलेल्या बाळकृष्णापुढे शिऱ्याची वाटी ठेवली होती आणि दोन्ही हातांचा आडोसा धरला होता. "बघू नकोस गं, जेवू दे त्याला," असं ऊर्मिलाला दटावलंही होतं.

उरलेलं व्याख्यान ऊर्मिलाने कसंबसं आटपलं.

मग प्रश्न सुरू झाले. मागच्या रांगेतल्या एका वयस्कर बाईंनी हात वर केला. "आजही जगात कुठे देवाला असं जेवू घालतात का?"

बाईंच्या आवाजात चेष्टा नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ऊर्मिलाने पाण्याचा घोट घेतला. नुकतेच हसलेले ते सगळे चेहरे तिच्याकडे बघत होते.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या माहितीत तरी नाही."

पहिल्या रांगेत आईने मान डोलावली. उत्तर अगदी पटल्यासारखी.

घरी जाताना बसमध्ये मालिनीबाई खुशीत होत्या. "शेवटी त्या बाईंनी काय गं विचारलं? तू एका शब्दात निकाल लावलास."

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण ऊर्मिलाने सगळं सांगितलं. पडद्याचा विनोद, बाईंचा प्रश्न, आपलं उत्तर. सांगताना तिचे कान तापले.

"मला लाज वाटली गं आई. तुझी नाही, म्हणजे…" ती थांबली. "तुझीच वाटली."

मालिनीबाईंनी लेकीच्या मांडीवर हात ठेवला. "असू दे. चारचौघांत घरातलं कशाला सांगायचं?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ऊर्मिलाला वाटलं. मान वर करून त्यांच्याकडे बघायचा तिला धीर होईना.

दोन थांबे गेले.

"त्या बॅबिलोनच्या देवांना आता कुणीच विचारत नाही?" मालिनीबाईंनी हळूच विचारलं.

"नाही. देवळंच उरली नाहीत. दोन हजार वर्षं होत आली."

मालिनीबाईंचा चेहरा उतरला.

"म्हणजे तेव्हापासून उपाशीच की गं," त्या म्हणाल्या.