सड्यावरचे एकच फूल

सड्याच्या उघड्या कातळपठारावर मी आमरीच्या, म्हणजे रानटी ऑर्किडच्या, फुलाजवळ चिमटा नेला, तेव्हा वैजयंतीने माझे मनगट धरले.

"सर, वणव्यानंतर या सड्यावर आमरीचं हे एकच फूल उरलंय. तोडलंत तर बी कुठून येणार?"

"आतले परागपिंड पाहिल्याशिवाय मी जातीचं नाव सांगत नाही."

"माझ्या बारशाला तुम्ही असता, तर मी आजवर बिननावाचीच राहिले असते!"

माझी विद्यार्थिनी होती तेव्हाही ती अशीच बोलायची. मी तिला शांतपणे समजावले, की आसपास दुसरे फूल नसल्याने याला पराग मिळणार नाही आणि बी धरणारच नाही.

इतक्यात समोरच्या दरीपलीकडून एक मधमाशी आली आणि फुलावर उतरली. तिच्या पाठीवर मोहरीएवढे दोन पिवळे गोळे चिकटलेले होते. या सड्यावर आमरीखेरीज कोणतेही फूल आपला पराग असा गोळ्यांत बांधून माशीच्या पाठीवर देत नाही. माशी आत शिरली. बाहेर आली तेव्हा तिची पाठ कोरी होती.

मी भिंग लावले. दोन्ही गोळे फुलातल्या चिकट खाचेत नेमके बसले होते.

"सर, काय दिसतंय?"

माशी आली होती ती दरीपलीकडून. तिथे, आम्हांपैकी कोणाचीही नजर पोहोचली नव्हती अशा एखाद्या कपारीत, दुसरी आमरी फुललेली होती.

"बी धरेल," मी म्हणालो.