सुचवणाऱ्याचं नाव

"परत थिजलं!" ऋतिका म्हणाली.

ओटीवर तिचे सासरे हरिश्चंद्र सोनचाफा मोजत होते. त्यांनी शेकडा पुरा केला, मग मान वर केली. "काय झालं?"

यंत्र थिजलं होतं. नवजात बाळांच्या श्वासावर नजर ठेवणारं. गोखिवऱ्याचा एक छोटा कारखाना ते बनवी आणि त्याच्या कर्नलमधला, म्हणजे अगदी गाभ्यातला, काही कोड ऋतिकाचा होता. सोमवारी यंत्रं इस्पितळात जायची होती. दोष सापडला नाही तर यंत्रं जाणार नव्हती, ऋतिका मात्र जाणार होती. घरी.

"करतं काय ते?"

"वरचा प्रोग्राम आकडा देतो, माहिती एवढी आहे. कर्नल तो तपासतो. आपल्या बफरमध्ये, राखीव जागेत, मावणार असेल तर माहिती उचलतो."

"किती उचलायची ते लक्षात ठेवतो?"

"नाही, उचलताना आकडा परत वाचतो. प्रोग्रामकडूनच."

"म्हणजे मोजायचं देणाऱ्याच्या टोपलीत, नि मग मान वळवायची? मधे त्याने बदललं तर?"

"तर मावेल त्याहून जास्त माहिती येईल, आणि यंत्र थिजेल!"

"पोरी, आधी आपल्या टोपलीत ओतून घ्यायचं. मग मोजायचं. त्याच्या टोपलीकडे परत बघायचं नाय."

ऋतिकाने आकडा एकदाच आपल्याकडे उतरवला, तिथेच तपासला, तोच वापरला. चार ओळींचं काम. शनिवार-रविवार यंत्र एकदाही थिजलं नाही. सोमवारी यंत्रं इस्पितळात गेली, ऋतिका कारखान्यात.

कर्नलवाल्यांची, म्हणजे जगभरातून हा खुला कोड मिळून लिहिणाऱ्यांची, एक चांगली रीत आहे. दुरुस्ती पाठवताना खाली ती सुचवणाऱ्याचं नाव लिहितात. जगभर दिसतं, कायमचं राहतं. आपल्याकडे एवढं फक्त देवळाच्या फरशीवर मिळतं, तेही देणगी दिली तर.

"बाबा, तुमचं नाव घालतेय."

हरिश्चंद्र लाजले. "माझं नको. सासूचं घाल."

"आईंनी कधी सुचवलं?"

"पन्नास वर्षं झाली. तिचा बाप फुलांचा व्यापारी, त्याच्याकडे मी फुलं घालायचो. मोजून झाली की टोपलीतून मूठभर हळूच काढून घ्यायचो. एक दिवस हिने काही न बोलता सगळी आपल्या टोपलीत ओतली, नि मग मोजली."

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा, नर्मदाबाईंचा, आवाज आला, "चोर मी धरला, म्हणून बापाने सांभाळायलाही मलाच दिला!"