उडवलेलं पान

लहानपणीच्या माझ्या आवडत्या चित्रपुस्तकात एक मुलगी आपली भीती टोपलीत कोंडते आणि शेवटच्या पानावर स्वतःच झाकण उघडून ती परत घेते. त्यावरच्या माझ्या सिनेमात मी ते पान उडवलं. मला धीट शेवट हवा होता. दांडीच्या किनाऱ्यावर त्या मुलीचं काम करणाऱ्या छोट्या वैष्णवीने मासळीच्या टोपलीत तोंड घालून “मला दर्याची भीती वाटते” म्हटलं, झाकण लावलं, शॉट ओके झाला. दुसऱ्या दिवशी तिची आई आली. “मॅडम, पोर आता कशालाच भीत नाय. टोपली तिलाच उघडू द्या.” मी हसले. संध्याकाळी भरतीच्या पाण्यात वैष्णवी एकटीच आत निघालेली दिसली. घाईघाईत मीच झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. पट्टीची पोहणारी मी तिच्यामागे धावले, पण घोट्याला पाणी लागताच पाय उचलेनात. छातीभर पाण्यातून वैष्णवीने हसत हात केला, “या ना मॅडम, कायच नाय होत.”