मीटर भरायची पाळी
सेरवाच्या वेबसाइटचं अपडेट बासष्ट टक्क्यांवर आलं आणि अंगणातून डुफीमावशी ओरडल्या, “मीटरचा लाल दिवा लागलाय, वीज संपत आली! भरायची पाळी कुणाची?” पाळी सेरवाचीच होती. कुमासी शहरातल्या त्या घरात सहा बिऱ्हाडं, आधी पैसे भरले तरच वीज देणारं मीटर एकच, आणि आज रविवार म्हणून रिचार्जवाला चर्चमध्ये. वेबसाइट घरातल्याच जुन्या संगणकावर चालायची. वारलेल्या आईच्या आवाजातल्या गोष्टी त्यावरच होत्या, दुसरीकडे कुठेच नाहीत. मध्येच वीज गेली तर सगळं पुसलं जाणार. “मावशी, आईचा आवाज जाईल हो!” “मूर्ख पोरी, आता सांगतेस?” मावशी कडाडल्या. मग फ्रिज, इस्त्री, रेडिओ, पंखे, खोलीखोलीतलं सगळं बंद झालं. घामाघूम बिऱ्हाडं दारात श्वास रोखून उभी राहिली. शंभर टक्के. सेरवाने पहिली गोष्ट लावली. स्पीकरमधून आई खेकसली, “आधी पंखा बंद कर! वीज काय फुकट येते?”