फक्त पडायला शिकवा

नवशिक्यांसाठीचा कागद मिसाए आजींनी चष्मा वर-खाली करून वाचला आणि मुकाइदे गुरुजींच्या हातात परत दिला.

"अकरा नियम आहेत. मला फक्त तिसरा हवाय."

तिसरा नियम असा होता : ऐकिदोत आधी पडायला शिकायचं, पाडायला नंतर.

"असा सुटा मिळत नाही, आजी," गुरुजी म्हणाले. "सगळेच घ्यावे लागतात. नखं कापायची. चपला दाराकडे तोंड करून ठेवायच्या. अंगरख्याची डावी बाजू वर घ्यायची. उजवी वर घेतात ती मेलेल्याला घालताना."

"त्याला अवकाश आहे. पडायचं कधीपासून?"

ओगावुरा या जपानी गावात गुरुजी बावीस वर्षं ऐकिदोची युद्धकला शिकवत होते. पहिल्या दिवशी लोक विचारत, एका वेळी किती जणांना लोळवता येईल? नुसतं पडायला आलेलं माणूस त्यांनी आजच पाहिलं, आणि तेही अठ्ठ्याहत्तर वर्षांचं.

"पण कशासाठी?"

आजींनी खिडकीतून टेकडीकडे पाहिलं. वर नगरपालिकेचा वृद्धाश्रम होता.

"तीन महिन्यांनी नगरपालिकेची बाई घरी येणार आहे तपासायला. मी उठते कशी, चालते कशी, पडते का. त्यावर ठरणार, मी घरात राहायचं की तिथे. मुलगा म्हणतो, मी सांगेन तसं होईल. आधी सासू सांगायची, मग नवरा सांगायचा, आता हा सांगतोय. या खेपेला मी ठरवणार. बघू या कोण अडवतं ते."

गुरुजींना एकदम भरून आलं. त्यांच्या आईलाही थोरल्या भावाने असंच वर नेऊन ठेवलं होतं.

"माझी मैत्रीण फुजिए गेल्या वर्षी तिथे राहायला गेली," आजी खोल आवाजात म्हणाल्या. "आता तिला कपसुद्धा विसळू देत नाहीत. नुसतं बसवून जेवायला घालतात."

"अरेरे," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी फी माफ केली.

आठवड्यातून तीन दिवस, घरच्या पाच माणसांचे डबे भरून आजी दहाच्या ठोक्याला हजर होत. एवढ्या कामाच्या बाईला टेकडीवर धाडायला निघालेत, या विचाराने गुरुजींचं डोकं फिरे. ते दुप्पट मन लावून शिकवत. हनुवटी छातीला. पाठ गोल. आणि पडता पडता हात लांब करून चटईवर सणकून आपटायचा, म्हणजे मार हातातून निघून जातो.

"आवाज केवढा होतो!" आजी म्हणाल्या.

"आवाजच होतो. लागत काही नाही."

"बघणाऱ्याला ते कळतं?"

"छे! त्याला वाटतं, हाडं मोडली."

आजींनी उरलेला सगळा तास हात आपटण्यात घालवला.

गुरुजी प्रत्येक शिष्याचं पडणं वहीत लिहून ठेवत. आजी रोज बरोब्बर तीस वेळा पडत. दुसऱ्या महिन्यात गुरुजींनी पुढचा धडा काढला.

"आता बिनआवाजाचं पडायचं. मांजरासारखं."

"नको. मला वाजणारंच बरं."

"आजी, आवाज नवशिक्यांचा असतो. मुरलेला माणूस…"

"मला मुरायचंच नाहीये. बाई येणार बाराव्या आठवड्यानंतर."

"बरं, निदान पडल्यावर चटकन उठायचा सराव?"

"तो आहे. आयुष्यभर तेवढंच केलंय."

गुरुजींनी वहीत त्या दिवशीचे तीस लिहिले.

शेवटच्या दिवशी आजींनी कागदातल्या अकराव्या नियमावर बोट ठेवलं. इथे खोटं चालत नाही, असा तो नियम होता.

"तुम्ही चटईबाहेरसुद्धा खोटं बोलत नाही म्हणे?"

"कधीच नाही."

"मग उद्या चहाला या. आपलं माणूस असलं की बळ येतं."

दुसऱ्या दिवशी गुरुजी गेले. आजींचा मुलगा काझुनोरी पोट सावरत दोन्ही पाहुण्यांच्या पुढेमागे करत होता. नगरपालिकेच्या निशिवाकी बाई कागद मांडून बसल्या होत्या.

"आईचं सगळं मला विचारा," काझुनोरी म्हणाला. "तिला काय कळतंय!"

गुरुजींनी मुठी आवळल्या.

"माझं मला विचारायचं," आजी म्हणाल्या.

"बरं आजी, जरा उठून चालून दाखवता?"

आजी उठल्या. एक पाऊल, दोन, तीन. आणि पडल्या. असा आवाज झाला की कपांतला चहा बशांत आला.

हनुवटी आत. पाठ गोल. हात बिनचूक. गुरुजींनी मनातल्या मनात शंभरपैकी शंभर दिले. आता या चेंडूसारख्या उसळून उठणार, आणि मुलाचं तोंड बघण्यासारखं होणार.

आजी उठल्या नाहीत.

गुरुजी घाबरून अर्धवट उभे राहिले. तेवढ्यात त्यांच्या बाजूचा आजींचा एक डोळा उघडला, आणि मिटला.

"असं नेहमी होतं का हो?" निशिवाकी बाईंचा आवाज कापत होता.

"काहीतरीच काय!" काझुनोरी म्हणाला. "आई अगदी ठणठणीत आहे. आजवर एकदासुद्धा पडलेली नाही!"

बाई गुरुजींकडे वळल्या. "तुम्ही बाहेरचे आहात. तुम्ही कधी पडताना पाहिलंय यांना?"

गुरुजींना वही आठवली. अकरावा नियम त्यांनीच स्वतःच्या हाताने लिहिला होता.

"तीन महिन्यांत," ते म्हणाले, "एक हजार ऐंशी वेळा."

निशिवाकी बाईंनी मुलाकडे एक जळजळीत नजर टाकली आणि लिहायला घेतलं. "यांना आता घरात ठेवणं शक्य नाही. वर जागा आहे, मी आजच शिफारस करते."

"अहो, पण मग आमचे डबे कोण भरणार?" काझुनोरी ओरडला.

जमिनीवरून क्षीण आवाज आला, "खोली फुजिएच्या शेजारची मिळेल ना?"