अर्ध्या घराची घरपट्टी

अधिकारी दारात बूट काढत होता, तेव्हाच तिच्या लक्षात आलं की मागून दादाही आलाय.

त्याला इथे कोणी बोलावलं नव्हतं. कचेरीनं त्याला त्याच्या दारात थांबायला सांगितलं होतं. घरपट्टीच्या श्रेणीवर हरकत घेतली की शेजारचं तसंच घर तुलनेला धरतात, आणि तिच्या शेजारचं तसंच घर म्हणजे दादाचं. मुळात दोन्ही मिळून एकच घर. आईवडील गेल्यावर मधोमध भिंत घातली, तेव्हापासून बहीणभाऊ कामापुरतंच बोलत.

श्रेणी जितकी वर तितकी पट्टी जास्त, आणि तिची श्रेणी दादापेक्षा एक पायरी वर होती. का, ते कचेरीतही कोणाला सांगता येईना. श्रेणी खाली आली नाही, तर आपलं अर्धं विकून मुलीकडे राहायला जायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. पेन्शनीत दुसरं काही बसत नव्हतं. मुलीचं घर छान होतं, पण त्या घरात आई कधी वावरली नव्हती.

"या ना," ती म्हणाली.

घर लख्ख होतं. आठवडाभर ती राबली होती. पुढची खोली रंगवली, पडदे धुतले, फुलदाणीत फुलंसुद्धा ठेवली. कोणी येणार म्हटलं की घर कसं दिसायला हवं, हे आईनं अंगात भिनवलं होतं. घरपट्टीचा पाहुणा झाला तरी पाहुणाच.

"छान ठेवलंय हो," अधिकारी म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहिलं. ती खुलली.

दादा हसला. "वरवरचं आहे, साहेब. ते कपाट सरकवा म्हणजे कळेल."

"कपाट जड आहे, दादा."

"मी सरकवतो की."

त्यानं सरकवलंही. मागे छतापासून खालपर्यंत ओलीचा काळा पट्टा आणि भिंतीचे पोपडे. तेच दिसू नये म्हणून तर तिनं कपाट तिथे ओढलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ही वडिलांच्या वेळेपासूनची आहे," दादा सांगत होता. "आता पसरलीय. आणि मागच्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. खिडकी माझ्याकडे आली ना."

"तुला कोणी विचारलं?"

"जे आहे ते सांगतोय, छोटी."

छोटी. कितीतरी वर्षांनी ऐकलं, तेही अशा वेळी. अधिकारी मागच्या खोलीत फीत लावत होता. तिथेच आई जुने स्वेटर उसवत बसायची. दादा दोन्ही हात पुढे धरून उभा राहायचा आणि ती, धाकटी असून, त्याच्या हातांवर लोकर गुंडाळायची. हात हलले की त्याला दम द्यायची. तेव्हा तो निमूट ऐकून घ्यायचा.

मग सगळे भिंतीपलीकडे गेले.

"या, वन्सं," वहिनी दारात म्हणाली. तिनं उंबरा ओलांडला आणि समोर ती खिडकी दिसली. रुंद कट्ट्याची. वडील कामावरून येईपर्यंत दोघं त्या कट्ट्यावर पाय हलवत बसायची, आणि वडील वळणावर दिसले की आधी कोणाला दिसले यावरून भांडायची. आपल्याला हे सगळं किती हवं होतं, हे तिला त्या क्षणी कळलं.

दादाला त्याचं काही नव्हतं. त्याची गाडी सुटली होती.

"असा उजेड या गल्लीत कोणाकडे असेल तर दाखवा. ही फरशी बघा, अजून एक तडा नाही. आणि मागं मी खोली वाढवलीय, रीतसर परवानगी काढून. या, तीपण मोजा."

उचलली जीभ लावली टाळ्याला. हा लहानपणापासून असाच. एकदा याच खिडकीची काच चेंडूनं फुटली, तर हा घरभर सांगत सुटला, "काय टोला होता!" वडिलांनी चोपून काढला. टोला तिचा होता. पण बढाई मारायला मिळते म्हटल्यावर याला मारही चालायचा.

अधिकाऱ्यानं वाढवलेली खोली मोजली, आकडे ताडून पाहिले आणि फीत गुंडाळली.

"लेखी येईलच, पण आत्ताच सांगतो. बाईंची श्रेणी एक पायरी खाली येईल. आणि तुमची," तो दादाकडे वळला, "एक पायरी वर जाईल. ही खोली आमच्या नोंदीत लागलेलीच नव्हती."

दादाचा चेहरा पडला. "हा कुठला न्याय? मी वर दाद मागेन," असं पुटपुटत तो अधिकाऱ्याला सोडायला फाटकापर्यंत गेला.

घर वाचलं होतं. तिला हायसं वाटलं, आणि पाठोपाठ वाईटही. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेतला वेड्यानं. ती स्वयंपाकघरात गेली. वहिनी चहाचे कप विसळत होती.

"वहिनी, दादाला जरा आवरायचंत. साहेबांसमोर तरी गप्प बसला असता."

"कसले गप्प बसतायत," वहिनी कप पालथे घालत म्हणाली. "आठवडाभर आरशासमोर उभे राहून पाठ करत होते. आधी छोटीची ओल सांगू की आधी आपली खिडकी, हे विचारून विचारून मला भंडावून सोडलं."