उजवीकडची खुर्ची

बेल वाजली तेव्हा नवरा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर डोळे मिटून विमान उतरवत होता. समोर कपाटाच्या दारावर विमानातल्या काट्यांचं आणि बटणांचं मोठं चित्र चिकटवलेलं, गुडघ्यांमध्ये उभं धरलेलं लाटणं. बायको पलीकडे त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती आणि इस्त्री करता करता कंट्रोल टॉवरही सांभाळत होती.

दारात अधिकारी बाई होत्या. काखेत फाईल.

"रहिवासी परवान्याच्या चौकशीला आलेय. आम्ही न कळवताच येतो. नवरा-बायको खरंच एकत्र राहतात की नुसते कागदावर, ते बघायला."

"या ना. फक्त दोन मिनिटं त्याच्याशी बोलू नका, उतरतोय."

"कुठून?"

"हवेतून. उद्या परीक्षा आहे त्याची."

बाईंनी आत डोकावून पाहिलं. एका टूथब्रशशेजारी घाईघाईत ओला करून ठेवलेला दुसरा टूथब्रश, भाड्याने आणल्यासारखे वाटणारे लग्नाचे फोटो, असली नाटकं त्यांना तोंडपाठ होती. लाटण्याचं सोंग मात्र नवीन होतं. मुलगा विमान चालवायला शिकायला या देशात आला, व्हिसा संपत आला आणि नेमकं तेव्हाच त्याने इथल्या मुलीशी लग्न केलं. यात कुठेतरी पाणी मुरतंय, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

"खरं सांगा," बाईंनी आवाज खाली आणला. "परवाना मिळाला, लायसन्स मिळालं, की हा राहील?"

इस्त्री थांबली. लग्न झाल्यापासून मावशीही तिला हेच विचारत होती. 'कामापुरता मामा ऐकला होता, कामापुरती बायको पहिल्यांदाच बघतेय,' असं ती लग्नाच्या दिवशीच सगळ्यांदेखत म्हणाली होती. तेव्हा तिने मावशीला चांगलंच सुनावलं होतं. पण तिचा त्याच्यावर जीव होता, आणि त्याचा आपल्यावर आहे का, हे विचारायची तिला भीती वाटायची.

"राहील," ती म्हणाली. ते तिचं तिलाच पटलं नाही.

उभं राहून बाईंचे पाय भरून आले होते. नवऱ्याच्या उजवीकडे एक रिकामी खुर्ची होती. त्या बसायला वाकल्या, तोच नवरा मिटल्या डोळ्यांनीच ओरडला, "तिथे नको! तिथे बायको बसलीय!"

बाई ताडकन सरळ झाल्या. "कुठली बायको?"

"माझी."

"मग ही कोण?"

"ही टॉवर आहे."

"म्हणजे दोन?" बाईंनी पेन काढलं.

"एकच हो, मॅडम!" नवऱ्याने डोळे उघडले. विमान कुठे कोसळलं, देव जाणे. "शेजारी कोण बसलंय, त्यावर विमानाचा तोल ठरतो. उडायच्या आधी सगळ्यांची वजनं मांडावी लागतात. घरी सराव करताना मी हिला धरूनच मांडतो. पहिल्यापासून."

बायको बघतच राहिली. ती खुर्ची ती रोज कुरकुरत टेबलाखाली सरकवायची.

"मला कधी बोलला नाहीस."

"त्यात काय बोलायचं? तू असणारच ना बरोबर."

"वजन किती धरलंय?" बाईंनी चौकशीच्या सुरात विचारलं.

नवऱ्याने सांगितलं.

बायकोने इस्त्री उभी ठेवली. "किती?"

त्याने पुन्हा सांगितलं. याला हिंमत म्हणावी की अक्कलशून्यता, ज्याचं त्याने ठरवावं.

"माझं? एवढं? मॅडम, तुमच्या फाईलमध्ये काय लिहिलंय, ते वाचा!"

"फाईलमध्ये तू लिहिलंयस ते आहे," नवरा म्हणाला. "तेवढं धरून उतरलो तर विमान थेट कुंपणात घुसेल. तुझा पाय मुरगळला तेव्हा जिना चढून वर कोणी आणलं तुला? मला तेव्हाच अंदाज आला."

"तेव्हा तर म्हणालास, फुलासारखी हलकी आहेस!"

"तेव्हा आपण जमिनीवर होतो."

बाईंनी फाईल तोंडासमोर धरली. फाईल बराच वेळ हलत होती.

"कागदावरचे नवरे बायकोचं वजन कमी सांगतात," शेवटी त्या म्हणाल्या आणि त्यांनी पेन पर्समध्ये टाकलं. "निकाल कळवतील. तुम्ही उतरा आता."

नवऱ्याने डोळे मिटले आणि लाटणं धरलं. "टॉवर, उतरू का?"

टॉवर रिकामा होता. बायको इस्त्रीचं बटण बंद करून त्याच्या उजवीकडे येऊन बसली होती. तिने हवेतला पट्टा कमरेभोवती ओढला. तो पुरेना. नवऱ्याचे डोळे मिटलेलेच आहेत ना, हे एकदा पाहून तिने तो हळूच सैल केला.